ठेका कोणालाही द्या, जबाबदारी सरकारचीच: व्यवसाय, मानवी हक्क आणि आपले सफाई कामगार

सकाळी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवलीतल्या एखाद्या सफाई चौकीवर जाऊन उभे राहा. हजेरी लागते, मुकादम गल्ल्या वाटून देतो, कचऱ्याची गाडी येते. कामाला निघणाऱ्यांपैकी एकाच्या खिशात महापालिकेचे ओळखपत्र असते. दुसऱ्याकडे ठेकेदाराने दिलेले कार्ड असते, कधी तेही नसते. कचरा तोच, वास तोच, पाठीवरचा भार तोच. पगार, भरपगारी रजा, दवाखाना, पीएफ आणि अपघात झाला तर घरच्यांना मिळणारी मदत मात्र वेगवेगळी.

या दुसऱ्या कामगाराला आम्ही विचारतो, "दादा, तुमचा मालक कोण?" तो क्षणभर थांबतो. पगार थकला की ठेकेदार त्याला सांगतो, "वरून बिल निघाले नाही." वर विचारायला गेले की उत्तर मिळते, "तो आमचा कर्मचारी नाही." मधल्या मध्ये महिना निघून जातो आणि किराणावाल्याची उधारी वाढते.

'व्यवसाय आणि मानवी हक्क' हा विषय परिसंवादात ऐकला की परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचा वाटतो. आमच्या मते तो या चौकीवरच्या प्रश्नापासून सुरू होतो. कंपन्यांनी माणसांचे हक्क पाळावेत यासाठी देशाच्या सरकारने काय करायचे असते, भारतात काय झाले आणि काय राहिले, हे या लेखात सफाई कामगारांच्या उदाहरणावरून मांडले आहे. मुंबईत या कामात आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल.

जगाने काय ठरवले

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी व्यवसाय व मानवी हक्कांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वे एकमताने मान्य केली. प्राध्यापक जॉन रगी यांनी काही वर्षे जगभर चर्चा करून ती तयार केली होती. त्यांचे तीन आधार आहेत. पहिला, व्यवसायांकडून होणाऱ्या हक्कभंगापासून माणसाचे संरक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. दुसरा, हक्कांचा आदर करणे ही प्रत्येक व्यवसायाची जबाबदारी आहे, मग तो व्यवसाय लहान असो की मोठा. तिसरा, हक्कभंग झालाच तर पीडिताला दाद मागण्याचा आणि भरपाईचा खरा मार्ग मिळाला पाहिजे.

या ३१ तत्त्वांपैकी पाचवे आणि सहावे आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे. पाचव्याचा आशय असा, की लोकांच्या हक्कांवर परिणाम करणारी एखादी सेवा सरकारने खासगी व्यवसायाकडे सोपवली, तरी सरकारची जबाबदारी संपत नाही, देखरेख करावीच लागते. सहाव्याचा आशय असा, की सरकार स्वतः मोठे गिऱ्हाईक असते. ते ज्यांच्याकडून माल किंवा सेवा विकत घेते, त्यांनी हक्क पाळावेत यासाठी त्याने आपल्या खरेदीचा वापर करावा. साध्या भाषेत सांगायचे तर निविदा काढणाऱ्याने फक्त दर पाहून चालणार नाही.

ही तत्त्वे बंधनकारक करार नाहीत. त्यांना आपापल्या देशात उतरवण्यासाठी प्रत्येक सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा करावा, असे अपेक्षित आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये असा पहिला आराखडा केला. आशियात थायलंडने २०१९ मध्ये, जपानने २०२० मध्ये आणि पाकिस्तानने २०२१ मध्ये आराखडे जाहीर केले. काही देश याच्याही पुढे गेले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडच्या हक्कभंगावर लक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक केले. जर्मनीचा अशाच स्वरूपाचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला, पण तो सौम्य करण्याच्या हालचालीही पुढच्याच वर्षी सुरू झाल्या. म्हणजे कायदा झाला की लढाई संपली, असे तिकडेही नाही.

हा विचार आपल्याला परका नाही

कामगाराशी कसे वागावे हे राज्याने सांगायचे, ही कल्पना आपल्या मातीतली आहे. सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात लोकांना सांगितले, की नाना प्रकारच्या मंगलविधींपेक्षा धम्माचे मंगल श्रेष्ठ आहे, आणि त्या मंगलात दास व भृत्यांशी, म्हणजे नोकरांशी, योग्य वर्तन येते. या नवव्या लेखाचा एक तुकडा मुंबईच्या उत्तरेला सोपारा परिसरात १९५६ साली सापडला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेच हे वर्ष.

त्याआधी भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम देणे, जेवण व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून देणे आणि वेळेवर सुट्टी देणे. आजच्या कामगार कायद्याची किमान वेतन, आरोग्य विमा, कामाचे तास आणि रजा ही प्रकरणे यापेक्षा फार वेगळी नाहीत.

बाबासाहेबांनी हा विचार कायद्याच्या भाषेत आणला. १९३५ मध्ये त्यांनी म्युनिसिपल कामगार संघाच्या रूपाने मुंबई नगरपालिकेच्या कामगारांची संघटना उभी केली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतली. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी १९४६ मध्येच मांडले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी बजावले, की राज्याने आर्थिक व्यवहारातून अंग काढून घेतले तर दुर्बलाला स्वातंत्र्य मिळत नाही, तो खासगी मालकाच्या हुकमतीखाली जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या तत्त्वाचा गाभा हाच आहे.

भारताने काय केले: एका हाताने दिले

आपल्या संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. ही दोन्ही कलमे खासगी व्यक्ती आणि मालकांनाही लागू आहेत. कलम २३ चा खरा अर्थ १९८२ मध्ये उलगडला. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. कामे सरकारी संस्थांची, मजूर ठेकेदारांचे. दिवसाचे किमान वेतन ९ रुपये २५ पैसे होते, त्यातला १ रुपया जमादार कापून घेत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारीच आहे. पोटाच्या गरजेने माणूस 'राजी' झाला म्हणून ती वेठ संपत नाही. आणि काम ठेकेदाराला दिले म्हणून सरकारला कामगार कायद्यांच्या पालनाकडे पाठ फिरवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी पाचवे तत्त्व लिहिण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी आपल्या न्यायालयाने ते सांगून ठेवले होते.

कंपन्यांसाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शिका काढली आणि २०१९ मध्ये जबाबदार व्यावसायिक वर्तनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांतली तत्त्वे नऊ आहेत. पाचवे थेट मानवी हक्कांचे आहे. बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले. त्यात कायम कामगार किती, कायम नसलेले किती, किमान वेतन कोणाला मिळते, हे सांगावे लागते. स्त्रिया आणि दिव्यांग किती हेही सांगावे लागते. जातीचा रकाना मात्र त्या मोजणीत नाही. भारतात कोणते काम कोणाच्या वाट्याला येते हे जातीवरून ठरत आले आहे, आणि नेमका तोच आकडा कंपन्यांना कोणी विचारत नाही.

शिवाय कचरा उचलणारा ठेकेदार किंवा सोसायटीत झाडलोट पुरवणारी एजन्सी सहसा शेअर बाजारात नोंदलेली नसते. तिला हा अहवाल लागूच नाही. जिथे माणूस सर्वांत उघड्यावर आहे, तिथे हा उजेड पोहोचत नाही.

राष्ट्रीय कृती आराखड्याचे काय? मंत्रालयाने २०१९ च्या सुरुवातीला त्याचा प्राथमिक मसुदा लोकांसमोर ठेवला. हा लेख लिहीपर्यंत अंतिम आराखडा आलेला नाही.

आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले

आता ठेका पद्धतीच्या कायद्याचा प्रवास पाहू. सरकारची दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

१९७० मध्ये कंत्राटी कामगारांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. कायम स्वरूपाच्या कामात ठेका पद्धत बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यावा, हेही त्यात होते.

९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्राने अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांत इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण या कामांसाठी ठेका पद्धत बंद केली.

१९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की ठेका पद्धत बंद झाली की त्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घेतले पाहिजे. हा खटला मुंबईतून गेलेला होता.

२००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा निर्णय फिरवला. १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळासाठी रद्द केली. कामगार आपोआप कायम होणार नाहीत, असे ठरले. एक दार मात्र उघडे राहिले: ठेका केवळ कागदावरचा, बनावट आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचे मानले जातील.

१९७० चा कायदा २० किंवा अधिक कंत्राटी कामगारांना लागू होता. महाराष्ट्राने ही मर्यादा पुढे ५० वर नेली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत देशभरासाठी ५० हाच आकडा आला. आस्थापनेच्या मुख्य कामात ठेका पद्धतीला मनाई, असे ही संहिता म्हणते. पण पुढे अपवादांची यादी आहे. ज्या आस्थापनेचे ते मूळ काम नाही तिथे झाडलोट, साफसफाई, सर्व प्रकारच्या कचऱ्याचे संकलन व विल्हेवाट ही कामे 'मुख्य' धरली जाणार नाहीत. या यादीत सफाईचा क्रमांक पहिला आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले.

१९७६ मध्ये ज्या कामाला सरकारने ठेक्यातून वाचवले, त्याच कामाला २०२० मध्ये ठेक्यासाठी मोकळे केले. मार्गदर्शक तत्त्वांच्या सुंदर पुस्तिका एकीकडे आणि ही एक ओळ दुसरीकडे ठेवली, तर चौकीवरच्या माणसाच्या आयुष्यावर ही ओळच जास्त परिणाम करते.

महापालिकांच्या बाबतीत मात्र युक्तिवादाला जागा आहे. शहर स्वच्छ ठेवणे हे महापालिकेचे कायद्याने ठरलेले कर्तव्यच आहे, तिच्या स्थापनेच्या हेतूंपैकी एक. तेव्हा कचरा उचलणे हे तिचे मुख्य काम नाही असे कोणी म्हणू शकेल का? हा मुद्दा कामगार संघटनांनी आणि आपल्या वकिलांनी आत्तापासून हाती घ्यायला हवा.

मुंबईचे २,७०० कामगार

२००१ च्या निकालाने उघडे ठेवलेल्या त्या एका दारातून मुंबईचे कामगार आत गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखालची संघटना १९९० च्या दशकापासून महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना संघटित करत होती. यांतले बहुसंख्य कामगार दलित, त्यांत नवबौद्ध मोठ्या संख्येने. मराठवाड्यातल्या दुष्काळातून मुंबईला आलेली कुटुंबेही त्यात बरीच.

संघाने २,७०० कामगारांचे प्रकरण २००७ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाकडे नेले. मुद्दा साधा होता. काम महापालिकेचे, देखरेख महापालिकेची, काम वर्षभर चालणारे. मधला ठेकेदार फक्त कागदावर. न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली. तिथे डिसेंबर २०१६ मध्ये निर्णय कायम राहिला. मग सर्वोच्च न्यायालय. तिथेही एप्रिल २०१७ मध्ये कामगार जिंकले.

दहा वर्षे. या दहा वर्षांत कामगाराच्या विरोधात न्यायालयात कोण उभे होते? एखादी परदेशी कंपनी नव्हती. कामगार कायदे पाळण्याची जबाबदारी जिच्यावर आहे, ती लोकांच्या करावर चालणारी सार्वजनिक संस्थाच उभी होती. निकालानंतरही अनेकांची नियुक्ती अडली, कारण जुन्या यादीतले नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नव्हते. नाव लिहिताना चूक कारकुनाची झाली, वाट मात्र कामगाराने पाहिली.

या विजयाचे मोल मोठे आहे. कायम होणे म्हणजे ठरलेला पगार, भरपगारी रजा, आजारपणात आधार. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला मिळणारी नोकरीही कायम सफाई कामगारांसाठी आहे, ठेक्यावरच्या कामगाराच्या मुलांना तो आधार नाही. पण आम्ही स्वतःला एक आठवण करून देतो. बापाचा झाडू मुलाच्या हाती देणे हे बाबासाहेबांचे स्वप्न नव्हते. कायम नोकरीतून मुलीच्या कॉलेजची फी भरली जावी आणि पुढच्या पिढीला दुसरे काम निवडता यावे, यासाठी ती हवी आहे.

हा प्रश्न संपलेला नाही. २०२५ मध्ये महापालिकेने कचरा संकलन आणि वाहतूक ठेक्याने देण्याची मोठी निविदा काढली, तेव्हा सफाई कामगारांच्या संघटना पुन्हा एकत्र येऊन विरोधात उभ्या राहिल्या.

गोवंडीची टाकी

सरकारचे कर्तव्य फक्त सरकारी ठेक्यापुरते असते असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी गृहनिर्माण सोसायटीची मलटाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. मैला साफ करण्यासाठी माणूस लावायला आणि संरक्षक साधनांशिवाय त्याला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवलेली होती. तरी ती मिळवण्यासाठी तिघांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येकीला १० लाख रुपये शासनाने द्यावेत, आणि जे जबाबदार असतील त्यांच्याकडून शासनाने ते वसूल करावेत.

या आदेशात तिसऱ्या आधाराचे, म्हणजे दाद मिळण्याचे, तत्त्व आहे. सोसायटी खासगी, काम देणारा खासगी, म्हणून शासनाला बाजूला होता आले नाही. घरच्यांनी ठेकेदाराच्या मागे फिरायचे नाही. आधी शासन देईल, मग ते त्याला गाठेल. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटार व मलटाकीतील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख. हे आकडे प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावेत.

महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे

ठेकेदार पळून जाणार, पगार बुडणार, हे नशीब आहे असे मानायचे कारण नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालची माथाडींची चळवळ होती. या कायद्याने मालक, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. मालकाने मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देते, आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना यांची सोय होते. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या गोदामात, तरी कामगाराची नोंद एकच राहते.

१९८१ मध्ये हीच कल्पना खासगी सुरक्षा रक्षकांसाठी आली. मंडळांत त्रुटी आहेत, वशिला आहे, सूट मिळवलेल्या एजन्सीही आहेत. तरी सरकारने मालक आणि कामगाराच्या मध्ये उभे राहण्याचे ठरवले तर काय होऊ शकते, त्याचा हा नमुना आहे. सफाई आणि हाउसकीपिंगच्या कामगारांसाठी असे मंडळ का नसावे?

मुलुंडच्या एका वस्तीत आम्ही पीएफची माहिती देण्यासाठी बसलो होतो. एका ताईंनी पिशवीतून तीन कागद काढले. काम तेच, जागा तीच, वर्षे सात. एजन्सी तीनदा बदलली, म्हणून पीएफचे क्रमांक तीन. पहिल्या दोन खात्यांत काही महिने पैसे भरलेलेच नव्हते. माथाडी मंडळासारखी एकच नोंद असती, तर सात वर्षांची ग्रॅच्युइटीही त्यांच्या नावावर जमा झाली असती. एजन्सी बदलली की मागची सेवा कागदावरून पुसली जाते, म्हणूनच ती बदलत राहते.

आपण काय मागायचे

सरकारकडे आमच्या मागण्या चार आहेत. एक, राष्ट्रीय कृती आराखडा पूर्ण करा आणि त्यात जातीचा उल्लेख स्पष्ट असू द्या. दोन, सफाईच्या निविदेत किमान वेतन, पीएफ, विमा आणि साधने यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. तो कमी करून कोणालाही ठेका जिंकता येऊ नये. तीन, ठेकेदाराचे बिल काढण्याआधी कामगारांच्या खात्यात पगार आणि पीएफ जमा झाल्याचा पुरावा तपासा, आणि तो चौकीवर लावा. चार, ठेकेदार बदलला तरी कामगार आणि त्याची सेवा चालू राहील अशी अट घाला.

कामगाराने हाताशी ठेवायच्या गोष्टी

ओळखपत्र, पगारपावती, हजेरीच्या पानाचा फोटो आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवा. २,७०० कामगारांचा अनुभव सांगतो, की शेवटी कागदच बोलतात. सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे का, ते आजच पाहा.

पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक तपासा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेत १० किंवा अधिक माणसे असतील, तर ईएसआयसीचे कार्ड मागा.

पगार थकला किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळाला, तर कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. तक्रारीत ठेकेदारासोबत मूळ मालकाचेही नाव घाला, हे विसरू नका. वेतन संहितेनुसार थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. जातीवरून छळ होत असेल तर अनुसूचित जाती आयोग आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा हे मार्ग आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही हे संरक्षण आहे.

एकट्याने जाऊ नका. संघटनेसोबत जा.

शेवटी आपल्या दाराशी

आपल्यातले अनेकजण आता सोसायट्यांमध्ये राहतात, काहीजण कमिटीवर आहेत. झाडलोटीची एजन्सी नेमताना आपणही तीन दरपत्रके मागवतो आणि सर्वांत स्वस्त असलेले घेतो. त्या स्वस्त दरात कोणाचा पीएफ बुडाला आहे, हे विचारत नाही. त्या क्षणी मूळ मालक आपणच असतो. कचरा गोळा करायला येणाऱ्या ताईंना पगार किती मिळतो, सुट्टी कधी असते, हातमोजे कोण देते, हे पुढच्या कमिटी बैठकीत एकदा विचारून पाहा. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. स्वतःची कमाई शुद्ध असावी एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेत नाही. आपल्यासाठी राबणाऱ्याची कमाई बुडू नये, हेही त्यात आले.

सरकारकडे बोट दाखवताना ही तपासणी आपल्या घरापासून केली, तर आपल्या मागणीला वजन येईल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून लाखो माणसे घरी परततात, तेव्हा शिवाजी पार्क साफ करायला सफाई कामगारांचे हात पुढे येतात. त्यातले किती हात कायम आहेत आणि किती ठेक्यावरचे, हे महापालिकेला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. येत्या ६ डिसेंबरच्या आधी माहितीच्या अधिकारात हा प्रश्न आम्ही विचारणार आहोत. तुमच्या वॉर्डात तुम्हीही विचारा.

जयभीम.